अवधूताचा चौथा गुरू

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधातला यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद दत्तभक्तांना नवा नाही. राजाने विचारले, महाराज, आपण ज्ञानी आहात, अंगाने धडधाकट आहात, मग काही उद्योगधंदा न करता इतक्या आनंदात कसे राहता? अवधूत म्हणाला, मी चोवीस गुरू केले. मग पृथ्वी, वायू, आकाश अशी ती यादी सुरू होते. एकनाथमहाराजांनी शके १४९५ मध्ये काशीला पुऱ्या केलेल्या आपल्या भागवतात तिचा जो विस्तार केला आहे, तो आपल्यापैकी पुष्कळांनी चातुर्मासात वाचलेला किंवा ऐकलेला असतो.

या यादीतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. चोवीसांपैकी एकानेही अवधूताला समोर बसवून उपदेश केलेला नाही. पृथ्वी बोलली नाही. कबुतराने कानमंत्र दिला नाही. अजगराला तर आपण कोणाचे गुरू झालो याचा पत्ताही नसेल! प्रत्येकजण आपापल्या स्वभावाप्रमाणे वागत राहिला आणि पाहण्याचे काम शिष्याने केले. म्हणजे हे गुरुत्व सगळे शिष्याच्या डोळ्यांवर अवलंबून. गुरूचा स्वभाव नीट दिसला पाहिजे, तरच धडा मिळणार.

गेली बावीस वर्षे मी नृसिंहवाडीची पौर्णिमेची वारी करतो. मनोहर पादुकांचे दर्शन झाले, प्रदक्षिणा झाल्या, की औदुंबराच्या अंगाला घाटाच्या पायरीवर तासभर बसतो. जप थोडा होतो, नदीकडे बघणे जास्त होते. पौर्णिमेलाच जात असल्याने वाडीचा चंद्र मला कायम पुराच दिसला. चंद्र हा अवधूताचा सहावा गुरू. कला घटतात-वाढतात, चंद्र आहे तसाच असतो, हा त्याचा धडा. तो मला घरच्या गच्चीवरूनच घ्यावा लागतो! नदी मात्र दर खेपेला वेगळी भेटते. एकच जागा, एकच पायरी, आणि वर्षातून बारा वेळा पाहणे. यातून जे दिसत गेले आणि त्यातून जो प्रश्न उभा राहिला, तो या दत्तजयंतीच्या अंकात आपल्यासारख्या जाणत्या मंडळींपुढे ठेवावा असे वाटले.

मार्गशीर्षात कृष्णामाई आपल्या पात्रात शहाण्या सुनेसारखी वागत असते. सकाळी पाण्यावरून वाफा निघतात, पैलतीराचे औरवाड धुक्यात असते. ऊसतोड सुरू झालेली असते आणि वारा फिरला की कुठल्यातरी गुऱ्हाळाचा वास येतो. परीट पाखरे शेपटी हलवत पायऱ्यांवर तुरुतुरु धावतात. पाणी इतके निवळ की पाण्याखालच्या तीन-चार पायऱ्या स्पष्ट दिसतात. मी त्या मोजतो. हा नाद मला कधी लागला ते आठवत नाही, पण बसल्यावर आधी पायऱ्या मोजायच्या आणि मग माळ काढायची असा आता क्रमच होऊन गेला आहे.

माघ-फाल्गुनात औदुंबर पाने टाकतो. आपण 'अरे, झाड वठले की काय' म्हणेपर्यंत तांबूस-पोपटी पालवी फुटलेली असते. खोडालाच फळांचे घोस लगडतात. तांबट, कोकीळ, रात्री वटवाघळे, सगळ्यांची पंगत बसते. उंबराचे फूल कोणाला दिसत नाही म्हणतात ते खरे आहे, कारण फूल फळाच्या पोटात असते. चिमुकल्या माशा आत शिरतात, तिथेच अंडी घालतात आणि त्यांच्यामुळेच झाडाची बीजधारणा होते. माशीवाचून उंबर नाही, उंबरावाचून ती माशी नाही. श्रीगुरूंनी बसायला हेच झाड का निवडले याची कारणे पोथीत आहेत. त्यांत हे एक आपले माझ्या पदरचे.

चैत्र-वैशाखाबद्दल मी मुद्दाम शेवटी बोलणार आहे. त्या उन्हात टिटवी नदीकाठच्या खडेवाळूत अंडी घालते. टिटवीने अंडी उंचावर घातली तर पाणी मोठे येणार, असा जुन्या नावाड्यांचा अंदाज. मृग लागला की मंडळी आकाशाआधी टिटवी कुठे बसली ते बघतात.

ज्येष्ठात नवे पाणी येते. तांबडे, फेसाळ, काटक्या-पाचोळा घेऊन आलेले. त्या दिवशी पायरी एकही दिसत नाही. आणि मग आषाढ-श्रावण. वाडीचा पूर ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही भरून येतात. इथे नदीला उतार कमी. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगत जाते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना पोचले की इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे आमच्या भागातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. इकडे घाट बुडतो, मग मंडप, मग पाणी उत्तरेकडून देवळात शिरते. उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, तो दक्षिणद्वार सोहळा. चढत्या पाण्याचा एक, उतरत्या पाण्याचा एक. त्या स्नानासाठी माणसे भर पावसात, मध्यरात्री उठून येतात. मीही केले आहे. त्या गार, गढूळ पाण्यात उभे राहिल्यावर वाटते ते शब्दांत येत नाही. देवाने आपल्या देवळाचीसुद्धा आसक्ती ठेवलेली नाही, नदी आली की तो तिला जागा करून देतो, एवढे मात्र अंगाला कळते.

भाद्रपदात पाणी उतरते. मागे राहतो गाळ. देवळात, ओवऱ्यांत, दुकानांच्या फळ्यांवर. तो काढायला सगळी वाडी लागते. शेतात बसलेल्या त्याच गाळाला आमच्याकडे 'मळी' म्हणतात. मळीच्या रानातली कृष्णाकाठची वांगी का गोड लागतात याचे उत्तर त्या गाळात आहे. मग आश्विन, गुरुद्वादशी, महाराज वाडी सोडून गाणगापुराकडे निघाले तो दिवस. तोवर पाणी निवळू लागलेले असते. एक पायरी दिसते, मग दोन.

लहानपणी आमच्या आजीला पुराचे पाणी घागरीत भरून ठेवताना पाहिले आहे. ती तुरटी फिरवायची, नाहीतर निवळीचे बी उगाळून घालायची. सकाळी वर काचेसारखे पाणी आणि तळाला बोटभर गाळ. तो गाळ तुळशीला. 'पाणी गढूळ झालंय, घाण नाही झालं,' असे ती म्हणायची. त्या वेळी हे दोन शब्द मला एकच वाटत.

आता प्रश्नाकडे येतो.

२०१९ च्या श्रावणात माझी पौर्णिमेची वारी चुकली. वाडीच पाण्यात होती. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. शिरोळ तालुक्यात औरवाड, गौरवाड, कुरुंदवाड, खिद्रापूर, कुठले नाव घ्यावे आणि कुठले सोडावे! शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पुरातून बाहेर पडणाऱ्या माणसांची नाव उलटली. पुढे २०२१ मध्ये पुन्हा तेच. दक्षिणद्वाराचे पाणी आणि हे पाणी वेगळे नव्हते. एकाच नदीचे, एकाच आठवड्यातले.

त्या पौर्णिमेला वाडीऐवजी आम्ही काहीजण कपडे आणि भाकरी घेऊन एका शाळेतल्या छावणीत गेलो होतो. वर्गात बाकांवर संसार मांडलेले. तिथे एक प्रवचनकार आले होते. हेतू चांगलाच होता. त्यांनी गुरुचरित्रातली अठराव्या अध्यायातली घेवड्याच्या वेलाची कथा सांगितली. अमरापूरचा गरीब ब्राह्मण, दारात घेवड्याचा वेल, भिक्षा मिळाली नाही त्या दिवशी त्याच्याच शेंगांवर घर जगायचे. श्रीगुरू भिक्षेला आले, घेवड्याची भाजी जेवले आणि जाताना त्या वेलाचे मूळ तोडून टाकले. बायको रडू लागली. नवऱ्याने तिची समजूत घातली. मग मूळ खणून काढताना खाली द्रव्याने भरलेला हंडा सापडला. प्रवचनकार म्हणाले, 'माउलींनो, महाराजांनी तुमचा वेल तोडलाय. हंडा खाली आहे. धीर धरा.'

मागे एक आजीबाई बसल्या होत्या. त्यांचे घर पडले होते, एक म्हैस गेली होती. उठून काही बोलल्या नाहीत, शेजारणीला हळूच म्हणाल्या, पण मला ऐकू आले. 'येल आमचा तोडला, पर हंडा कुनाच्या दारात घावला, तेवढं इचारा की म्हाराजास्नी.'

ही बाई नास्तिक नव्हती. घरातून निघताना तिने दोनच गोष्टी उचलल्या होत्या, रेशनकार्ड आणि दत्ताची तसबीर. त्या तसबिरीपुढे वर्गाच्या खिडकीत उदबत्ती चालू होती. तिचा प्रश्न देवाला नव्हताच, तो सांगणाऱ्याला होता.

घरी येऊन मी अठरावा अध्याय पुन्हा काढला. इतकी वर्षे वाचूनही जे कधी जाणवले नव्हते ते या खेपेला दिसले. त्या कथेत धीराचे शब्द कोण बोलतो? ज्याचा वेल गेला तोच. आपल्याच बायकोला, आपल्याच दारात उभा राहून. कोणी शेजारी येऊन 'होते ते बऱ्यासाठीच' म्हणाला, असे पोथीत कुठे नाही. आणि वेल तोडणारे कोण, तर मुळाखाली काय आहे हे ज्यांना ठाऊक होते ते श्रीगुरू. तोडण्याआधी त्या घरचे अन्न त्यांनी खाल्ले होते. या दोन्ही जागा रिकाम्या नाहीत, की आपल्यापैकी कोणी सहज जाऊन तिथे बसावे.

माझ्या मते निसर्गाकडून शिकायच्या सगळ्याच धड्यांचे असे आहे. समुद्र पावसाळ्यात नद्या येऊन मिळाल्या म्हणून उतू जात नाही आणि उन्हाळ्यात आटत नाही, तसे लाभ-हानीत राहावे, हा दहाव्या गुरूचा धडा. तो मी स्वतःसाठी घ्यावा. माझे पेन्शन थकले, माझी तब्येत बिघडली, तेव्हा घ्यावा. दुसऱ्याच्या पडक्या भिंतीपाशी उभे राहून तो त्याला वाचून दाखवू नये. अवधूताने चोवीस गुरू स्वतःसाठी केले. यदुराजाने विचारले तेव्हा सांगितले, आणि तेही आपण काय शिकलो एवढेच. तू काय शिकावेस, याची यादी दिली नाही.

काही जुने सोबती यावर म्हणतात, 'अहो, पण ऋतूच आहे तो. नदी आपला धर्म पाळणार. आपण काय करणार?' हे अर्धे खरे आहे. पाऊस आपल्या हाती नाही. पण पूररेषेच्या आत घरे कोणी बांधली, रस्त्यांचे भराव आडवे कोणी घातले, हे ऋतूने केलेले नाही. मोठ्या धरणांच्या पाण्याचा वाद तर दर पावसाळ्यात दोन राज्यांत रंगतो. त्यात मी पडत नाही. एवढेच म्हणतो, की 'दत्ताची इच्छा' हे शब्द उच्चारण्याआधी आपली इच्छा त्यात किती होती ते बघून घ्यावे.

आता चैत्र-वैशाख.

त्या दोन महिन्यांत नदी उतरते. पाणी संथ असते, वारा नसतो. म्हणजे खरे तर पायऱ्या सगळ्यात जास्त दिसायला हव्यात. पण कित्येक वर्षांत चैत्री पौर्णिमेला मला पाण्याखालची दुसरी पायरी दिसलेली नाही. कधी पहिलीही नाही. पंचगंगेच्या अंगाने केंदाळ येऊन साठते. लांबून हिरवेगार कुरण वाटावे इतके. पाणी काळपट. एखाद्या वर्षी मासे तरंगतात, त्याचे फोटो पेपरात येतात, चार दिवस चर्चा होते. वरच्या शहरांचे सांडपाणी येते, कारखान्यांचे मळीमिश्रित पाणी येते. बघा, शब्द तोच, मळी. एक मळी रान पिकवते, दुसरी मासे मारते. भाषेने दोघींना एकच नाव दिले आहे, नदीने नाही.

हे पाणी मी एकदा बाटलीत भरून घरी आणले. तुरटी फिरवली, रात्रभर ठेवले. वरचा थर थोडा उजळला, पण सकाळी बूच काढले तर वास तसाच. तेव्हा आजीचे दोन शब्द वेगळे का होते ते कळले. श्रावणातले पाणी कितीही तांबडे असो, ठेवले की निवळते. ते गढूळ आहे. हे निवळत नाही. ऋतूने आणलेले ऋतू घेऊन जातो. आपण टाकलेले आपण काढल्याशिवाय जात नाही.

अवधूताचा चौथा गुरू पाणी. पाणी स्वभावतःच स्वच्छ, स्निग्ध, गोड असते. दर्शनाने, स्पर्शाने, नामोच्चारानेही ते लोकांना पवित्र करते, साधूने तसे असावे, असा तो धडा. हा धडा चैत्रात वाडीच्या घाटावर बसून कोणी घ्यायचा म्हटला तर कसा घ्यावा? नातू बरोबर असतो. 'आजोबा, हे पाणी तोंडात घालू नको म्हणता, आणि तीर्थ कसं म्हणता?' असे त्याने विचारले. मी म्हणालो, 'पाया पड आणि चल.' दुसरे काय सांगणार? गुरू शिकवत नाही, शिष्याने पाहायचे असते, हे खरे. पण शिष्यांनी मिळून गुरूचा स्वभावच झाकून टाकला तर पुढच्या शिष्याने काय पाहावे?

यावर भाविकांचे एक उत्तर ठरलेले आहे. कृष्णामाई पवित्रच आहे, तिला काय होणार? पतितपावन ती, आपल्या घाणीने का ती बाटेल? हे बोलणारे भोळे असतात, लबाड नसतात. मी त्यांना उलट एवढेच विचारतो. आई अंथरुणाला खिळली तरी आईच असते ना? तिचे पावित्र्य कमी होत नाही. म्हणून तिची चादर बदलायची नाही का? पावित्र्य तिचे, ते आपल्या हाती नाही. चादर आपल्या हाती आहे.

आणि कारखान्यांना नावे ठेवण्याआधी आपला घाट. जुन्या तसबिरी, कपडे, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट निर्माल्य, द्रोणातले दिवे. हे वरच्या शहरातून वाहत आलेले नसते. निर्माल्यासाठी कुंड ठेवलेले असते, तरी हात पाण्याकडेच जातो, कारण 'नदीत सोडलं' म्हटल्याशिवाय मनाला बरे वाटत नाही. मागच्या माघात घाटावर एक बाई कृष्णेची ओटी भरताना पाहिल्या. हळदकुंकू वाहिले, खण-नारळ पाण्याला टेकवला आणि परत उचलून मागे बसलेल्या फुलवालीच्या पदरात घातला. फुलवाली गडबडली. बाई म्हणाल्या, 'घ्या हो, तीच तुमच्या हातानं घेतीया.' गुरुजींनी नापसंतीने बघितले. मला ती ओटी कृष्णेला पोचली असे वाटले. शास्त्राचे मत जाणकारांनी सांगावे.

या वर्षीच्या जयंतीला पाळणा झाल्यावर मी घाटावर येईन तेव्हा अंधार पडलेला असेल, पायऱ्या मोजता येणार नाहीत. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी. साधारण तीन दिसतील. खरी मोजणी चैत्री पौर्णिमेची आहे. कोणाला बरोबर यायचे असेल तर उन्हे चढायच्या आत या. मी औदुंबराच्या अंगाला वरून चौथ्या-पाचव्या पायरीवर बसलेला असतो.

॥ श्रीगुरुदत्तात्रेयार्पणमस्तु ॥